कम्प्युटर बरा कधी असतो?

हेमाताई तांडेल बिघडलेल्या कम्प्युटरला पहिली पंधरा मिनिटं हात लावत नसत. समोर खुर्ची ओढून बसायच्या, चष्मा डोक्यावरून नाकावर आणायच्या, पर्समधून जुन्या कॅलेंडरचं पान काढून त्याची कोरी बाजू वर करायच्या आणि कम्प्युटर ज्याचा असेल त्यालाच प्रश्न विचारायला लागायच्या. पहिला प्रश्न ठरलेला असे: "बरा कधी असतो?"

लोक गडबडायचे. बिघडतो कधी, हे सांगायची तयारी करूनच सगळे आलेले असतात. मीही पहिल्यांदा गडबडले होते. तेव्हा त्या म्हणाल्या, "बिघडतो कधी ते तू न विचारता सांगणारच आहेस गं. बरा असतो तेव्हा कुणी बघत नाय. ते मला सांग."

मी भांडुपला स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका जुन्या वाचनालयात काम करते. दोन खोल्या, अकरा कपाटं आणि एक कम्प्युटर. हेमाताई आमच्या सभासद. पूर्वेला खाडीच्या बाजूच्या कोळीवाड्यात त्यांचं घर होतं. आठवड्यातून दोनदा रेल्वेचा पूल ओलांडून त्या यायच्या आणि दोन रहस्यकथा घेऊन जायच्या. त्यांची वाचायची एक तऱ्हा होती. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, खून कुणी केला असेल ते एका चिठ्ठीवर कारणासकट लिहायचं आणि मगच पुढे वाचायचं. चिठ्ठी त्या पुस्तकातच विसरायच्या. त्यामुळे पुढच्या वाचकाला साठाव्या पानावरच कळायचं की खुनी म्हणजे डॉक्टरचा मेव्हणा. दोन-तीन सभासदांनी तक्रार केली, तेव्हा मी पुस्तक परत घेताना झाडून बघायला लागले. त्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांवर खाली लिहिलेलं असे, "चुकलं. माळ्याकडे लक्षच दिलं नाही." स्वतःच्या चुकीची नोंद त्या बरोबर उत्तराइतक्याच नीट अक्षरात करायच्या.

कम्प्युटरशी त्यांचा संबंध आला तो आमच्यामुळे. वाचनालयाच्या कम्प्युटरवर एक मोठं अपडेट आलं. कम्प्युटरच्या दुकानातला माणूस येऊन ते टाकून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन कामाच्या मध्येच काळंठिक्कर पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागलं. दिवसातून चार-पाच वेळा. देवघेवीच्या नोंदी अर्ध्यावर उडायच्या. दुकानातला माणूस फोनवर म्हणाला, "अपडेटमुळे होतंय मॅडम, सगळ्यांची वाट लागलीय. पुढच्या अपडेटमध्ये नीट होईल."

हेमाताई पुस्तक बदलायला आल्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. आणि तो प्रश्न विचारला.

मी विचार करून म्हटलं, "सकाळी बरा असतो. आणि..." मग मलाच नवल वाटलं. "मंगळवारी दिवसभर बरा असतो."

"मंगळवारी." त्यांनी कॅलेंडरच्या पानावर ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. "मंगळवारी इथे काय नसतं?"

पुढचे दोन दिवस त्या पुस्तक न बदलता नुसत्या येऊन बसल्या. माझ्या टेबलाला लागूनच पेपर वाचायचं लांब टेबल आहे. तिथे रोज अकराला पेडणेकर नावाचे एक गृहस्थ येतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे पेपर जाहिरातींसकट वाचतात. मंगळवारी ते टिटवाळ्याला गणपतीला जातात. दुसऱ्या दिवशी मशीन काळं पडलं, तेव्हा हेमाताई टेबलाखाली वाकून बघत होत्या. वर येऊन म्हणाल्या, "पेडणेकर, पाय खाली घ्या. आता वर घ्या."

पेडणेकरांनी टेबलाखालच्या आडव्या फळीवर पाय ठेवला, आणि मशीन गेलं.

अपडेट टाकायला आलेल्या माणसाने सीपीयू बाहेर काढताना दोन्ही टेबलं हलवली होती. जाताना ती एकमेकांना चिकटवून ठेवली. मागची विजेची पिन अर्धवट बसली होती. पेडणेकरांनी फळीवर पाय दिला की त्यांचं टेबल तसूभर सरकायचं, ते माझ्या टेबलाला ढकलायचं आणि पिन हलायची. अपडेटचा ह्याच्याशी काही संबंध नव्हता, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या इतकंच.

मला वाटलं, आता त्या खूष होतील. पण त्या पेडणेकरांना विचारत होत्या, "डावाच पाय का ठेवता हो तुम्ही?"

तीसेक वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती, तक्रारींच्या टेबलावर. फोन बंद पडला की माणूस चिडून काय काय सांगतो, त्यातलं खरं कामाचं किती असतं, हे त्या तिथे शिकल्या. "माणूस खोटं बोलत नाय," त्या म्हणायच्या. "पण त्याने आधीच ठरवलेलं असतं कशाने झालं ते. मग त्याला तेवढंच आठवतं." एका बाईंचा फोन फक्त संध्याकाळी खरखरायचा. तीन वेळा माणूस जाऊन वायर बदलून आला. हेमाताईंनी बाईंना विचारलं, संध्याकाळी घरात काय असतं. बाई म्हणाल्या, काही नाही, दिवाबत्ती करते. तर देवघराच्या मागून फोनची वायर गेली होती आणि समईच्या उष्णतेने तिच्या वरचं आवरण वितळलं होतं. ही गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या, आणि सांगून झाल्यावर म्हणायच्या, "कळायला मला चार महिने लागले, ते पण लक्षात ठेव."

कम्प्युटर त्या कुठे शिकल्या नव्हत्या. निवृत्तीनंतर मुलीने तिचा जुना डेस्कटॉप घरी आणून दिला, तो उघडझाप करून त्यांनी समजून घेतला. काही वेळा कान सीपीयूच्या पत्र्याला लावून पंख्याचा आवाज ऐकायच्या. पेडणेकरांच्या प्रकरणानंतर आमचे सभासद त्यांना घरी बोलवायला लागले. त्या कुणाकडून काही घेत नसत. चहा मात्र काम संपल्याशिवाय पीत नसत. "आधी प्यायले तर मग तुम्हाला खरं सांगायला लाज वाटते," म्हणायच्या. त्यांना घोळात घेऊन, गोड बोलून काम करून घेता येत नसे. आणि घाईत असलेल्या माणसाकडे त्या जातच नसत.

त्यांचं सगळं बरोबरच यायचं, असं मात्र नाही. एकदा त्यांनी आमचीच वाट लावली.

पुन्हा एक अपडेट आलं आणि त्यानंतर पुस्तकांच्या नोंदीचा प्रोग्राम उघडेना. ह्या वेळी संशय नव्हता, दोष अपडेटचाच होता. हेमाताई म्हणाल्या, "काढून टाकू, पहिल्यासारखं होईल." मी विचारलं, "आधी कॉपी नको काढायला?" त्या म्हणाल्या, "काय गरज नाय." कधी नव्हे ते त्या दिवशी त्यांना लवकर निघायचं होतं, भावाकडे पाहुणे होते. त्यांनी अपडेट काढायला घेतलं, मशीन बंद झालं, आणि पुन्हा सुरूच होईना. निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल फिरत राहिले. संध्याकाळपर्यंत फिरत राहिले. शेवटी दुकानातल्या माणसाला बोलवावं लागलं. त्याने सगळं पुसून नव्याने टाकलं. आमच्याकडची जुनी कॉपी दोन महिन्यांपूर्वीची होती. दोन महिन्यांची नवीन पुस्तकं, नवे सभासद, सगळ्या नोंदी गेल्या.

आमचे चिटणीस दळवी दुसऱ्या दिवशी आले ते तापूनच. मी काही बोलायच्या आत हेमाताई उभ्या राहिल्या. "हिने कॉपी काढायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. चूक माझी."

दळवींना ओरडायचं होतं, पण समोरून असं आल्यावर त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "मग आता काय?"

"मी परत भरून देते."

आणि त्या रोज दुपारी एकला यायला लागल्या. वाचनालय एक ते चार बंद असतं. मी कपाटातून पुस्तकं काढून नाव, लेखक, प्रकाशक, पानं वाचायची आणि त्यांनी दोन बोटांनी टाइप करायचं. त्या दुपारी मला त्यांच्याबद्दल जे काय कळलं ते कळलं. नवरा लवकर गेला. सासरच्या लोकांचं म्हणणं होतं की नोकरी सोडून मासळीच्या टोपलीला हात लाव, घरची बाजारातली जागा रिकामी पडलीय. सासूबाईंनी मात्र त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तुला फोनमधी काय आवडतं?" हेमाताई म्हणाल्या, "कुठे तुटलंय ते शोधायला आवडतं." सासूबाई म्हणाल्या, "मंग जा." हे सांगताना त्यांची बोटं थांबली नाहीत. सगळ्या नोंदी भरायला जवळजवळ तीन आठवडे लागले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्याची पेन ड्राइव्हवर कॉपी काढली, ती माझ्या हातात दिली, आणि मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर अजून एक काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. त्यानंतर कुणाच्याही मशीनला हात लावायच्या आधी त्या कॉपी काढायच्या, आणि समोरच्याने "काय गरज नाही" म्हटलं की त्याच्याकडे जरा वेळ बघत राहायच्या.

गावकर काका आले ते ह्यानंतर वर्षभराने. विक्रोळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. ते तक्रार घेऊन आले नव्हते, पुस्तक मागायला आले होते. खिशातून एक छापलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे, टिंबं, सगळं एकात एक मिसळलेलं होतं.

"ही खंयची भाषा ती सांगा," ते म्हणाले. "ह्या भाषेचा पुस्तक आसा काय तुमच्याकडे? अपडेट झाल्यापासून माझ्या कम्प्युटरान भाषाच बदलल्यान."

दुकानवाल्याने त्यांना सांगितलं होतं की फाइल खराब झाली, उडवून टाका. काकांनी उडवली नव्हती. हेमाताई बाजूलाच कपाटाशी होत्या. त्यांनी तो कागद घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

दुपारी आम्ही दोघी काकांच्या घरी गेलो. नेहमीचा प्रश्न झाला. काका म्हणाले, बाकी सगळं बरं चालतं, फोटो दिसतात, बातम्या दिसतात, फक्त ही एक फाइल अशी झालीय.

"काय आहे फाइलमध्ये?"

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग त्यांनी सांगितलं. बायको शेवटचे सात महिने अंथरुणावर होती. लग्न झाल्यापासून तिची एकच तक्रार, तुम्ही माझं बोलणं ऐकत नाही. म्हणून काकांनी ठरवलं, ती दिवसभरात बोलेल त्यातलं एक तरी वाक्य रोज टाइप करून ठेवायचं. कारखान्यात असताना ते मराठी टाइप करायला शिकले होते, जुन्या पद्धतीचं. सात महिन्यांत एक दिवस चुकला नाही. "तिचा सगळा ह्याच्यात आसा," ते म्हणाले. "दुसरा काय नाय माझ्याकडे."

हेमाताईंनी आधी फाइलच्या दोन कॉप्या काढल्या. मग फाइल उघडून नुसती वर-खाली करत बसल्या. काही टाइप नाही, काही दाबणं नाही. मला कंटाळा यायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, रोज पहिलं काय लिहायचात?"

"तारीख."

"आणि मग?"

"मग, ‘आज म्हणाली’. तसा सुरू करायचो."

हेमाताईंनी पेनाच्या टोकाने पडद्यावर दाखवलं. प्रत्येक आकड्यांच्या ओळीनंतर तीच खुणांची माळ होती. तोच कंस, तेच उलटं अवतरणचिन्ह, तेच इंग्रजी अक्षर. रोज. खालपर्यंत.

"खराब झालं असतं तर रोज वेगळं खराब झालं असतं," त्या म्हणाल्या. "हे रोज सारखं आहे. म्हणजे कुठे गेलेलं नाय. आहे ते सगळं जागेवर आहे, आपल्याला वाचता येत नाय एवढंच."

मग त्यांनी मला समजावलं ते असं. पूर्वीचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले. कम्प्युटरला वाटायचं इंग्रजी लिहितायत, आपल्याला दिसायचं मराठी. दुकानवाल्याने अपडेट करताना सगळं नव्याने टाकलं, काकांच्या फाइली परत ठेवल्या, पण तो जुना फॉन्ट ठेवायचा राहिला. कपडे गेले, आतलं तसंच राहिलं. वरच्या चौकटीत त्या फॉन्टचं नाव अजून दिसत होतं. मशीनमध्ये फॉन्ट नव्हता, पण फाइलला त्याचं नाव आठवत होतं. हेमाताईंनी ते कॅलेंडरच्या पानावर उतरवून घेतलं.

त्यापुढचे तीन-चार दिवस आम्ही तो जुना फॉन्ट शोधत छापखाने हिंडलो. भांडुपला दोघांनी मान हलवली. घाटकोपरच्या एका छापखानेवाल्याने नाव ओळखलं, पण त्याने जुनी मशीनं भंगारात काढली होती. शेवटी मुलुंडला लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे एक पिवळा पडलेला कम्प्युटर होता. त्याला इंटरनेट नव्हतं आणि कधी अपडेट केलेलं नव्हतं. "लोक आजोबांच्या वेळेसारखीच पत्रिका पाहिजे म्हणतात ना," ते म्हणाले, "म्हणून ठेवलाय." फॉन्ट त्यात होता. हेमाताईंना तो कम्प्युटर इतका आवडला की त्या फॉन्ट घेऊन झाल्यावरही अर्धा तास त्याच्या मागच्या बाजूला बघत होत्या.

काकांच्या घरी फॉन्ट टाकला आणि फाइल उघडली. पडदाभर मराठी आलं. सगळं नाही आलं. फॉन्ट थोडा वेगळ्या वेळचा असावा, काही जोडाक्षरांच्या जागी चौकोन आणि आकडे होते. पण वाचता येत होतं. पहिल्या तारखेखाली लिहिलं होतं, "आज म्हणाली, फॅन दोनार ठेवा. तुमका थंडी लागता, तुम्ही सांगनास नाय."

काकांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "ह्या माका आठवतच नव्हता."

हेमाताईंनी मान वर करून पंख्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या बटणाकडे. बटण दोनावर होतं. त्यांनी ते मला नजरेने दाखवलं आणि परत पडद्याकडे वळल्या.

चौकोनांच्या जागी काय असेल हे आता शोधायचं होतं. ते काकांशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं. टेलिफोन खात्यात जाड केबल तुटली की दोन्हीकडच्या शेकडो वायरी एकेक करून जुळवतात. ह्या टोकाची कुठली, त्या टोकाची कुठली. हेमाताईंनी तसंच केलं. एक चौकोन घ्यायचा, तो जिथे जिथे आलाय त्या सगळ्या ओळी काकांना वाचायला लावायच्या आणि सगळीकडे बसेल असं अक्षर सापडलं की कागदावर लिहायचं. काका वाचता वाचता थांबायचे. एखाद्या ओळीवर हसायचे. एकदा उठून स्वयंपाकघरात गेले ते पाच मिनिटांनी आले. हेमाताई घाई करत नव्हत्या. कितीतरी दुपारी त्या तिथे जात होत्या. मला वाटतं, शेवटी शेवटी त्या मुद्दाम सावकाश करत होत्या. पण विचारलं असतं तर त्यांनी ते कबूल केलं नसतं.

सगळं झाल्यावर दोन खुणा राहिल्या. त्या काही केल्या लागेनात. काका म्हणाले, राहू द्या, दोन अक्षरांनी काय होतंय. हेमाताईंनी मात्र त्या खुणा चिठ्ठीवर काढून पर्समध्ये ठेवल्या. कित्येक महिने अधूनमधून चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरायच्या. "हे ‘ङ’ असेल का गं? पण मालवणीत ‘ङ’ कोण कशाला लिहील?" त्यातली एक पुढे सुटली. दुसरी सुटली नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. कोळीवाड्यातलं घर माडीचं, वर जायला उभी शिडीच. मुलगी नयना दिंडोशीला राहते, ती त्यांना तिकडे घेऊन गेली. आमची भेट कमी झाली. फोन व्हायचे, पण उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. फोन डाव्या कानाला लावायचा हे त्या विसरायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

मी एकदाच गेले दिंडोशीला. त्यांनी ताटात बोंबलाची चटणी आणि भाकरी वाढली आणि समोर बसून वाचनालयातलं एकेक विचारत राहिल्या. आठव्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या टेकडीवर बांधकामाची उंच क्रेन दिसायची. रोज सकाळी ती किती अंशांत फिरते आणि का, ह्याबद्दल त्यांचं काहीतरी म्हणणं होतं. ते मला नीटसं कळलं नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी नयनाचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली.

मी दिंडोशीला गेले होते त्या दिवशी परत निघाले तेव्हा त्या काठी टेकत खाली गेटपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी ऐकल्या नाहीत. सोसायटीच्या गेटला गाड्या अडवायचा एक आडवा दांडा आहे, बटण दाबलं की वर जाणारा. तो अर्ध्यावर जाऊन अडकला होता आणि एक गाडी बाहेर ताटकळली होती. वॉचमन बटण दाबून दाबून वैतागला होता. हेमाताई थांबल्या. मला म्हणाल्या, "तू नीघ. रिक्षा मिळणार नाय मग."

मी रस्ता ओलांडून रिक्षात बसले आणि मागे वळून बघितलं. वॉचमनला त्यांनी दांड्याच्या टोकाशी उभं केलं होतं. स्वतः खांबाच्या बाजूला काठीवर रेलून वर बघत होत्या. त्यांनी हाताने काहीतरी खूण केली. वॉचमनने दांडा हलकेच वर उचलून धरला. त्यांनी बटण दाबलं. दांडा सरळ वर गेला, गाडी आत गेली, गाडीतल्या माणसाने हात हलवला. वॉचमन खूष होऊन आपल्या खुर्चीकडे निघाला.

हेमाताईंनी त्याला परत बोलावलं. रिक्षा सुरू झाली, त्यामुळे त्यांचा आवाज मला ऐकू आला नाही. पण ओठांवरून कळलं. त्या म्हणत होत्या, "परत कर."